कप्तान कोणाला म्हणावे?

दिवाळी जवळ आली की आमच्या बारामती-इंदापूरच्या बाजूला दोन गोष्टींना ऊत येतो. एक, साखर कारखान्यांच्या बॉयलरचे अग्निप्रदीपन आणि दुसरी, गुणगौरव समारंभ. पहिलीतून निदान साखर तरी निघते. दुसरीतून शाल, नारळ आणि भाषणे यांपलीकडे काय निघते, हे मास्तरकीची इतकी वर्षे झाली तरी मला उमगलेले नाही. तालुक्याच्या स्पर्धेत पहिले आलेले पोर मंचावर उभे करतात, त्याच्या गळ्यात हार पडतो आणि मग पाहुणे बोलायला उठतात. बोलणारे बदलतात, पण भाषणे दोनच असतात. पहिले भाषण असे की, "हा मुलगा म्हणजे दैवी देणगी आहे! असे गुण उपजतच असावे लागतात." दुसरे भाषण असे की, "जिद्द असली म्हणजे माणसाला काहीही अशक्य नाही!" पुष्कळदा ही दोन्ही भाषणे एकच गृहस्थ एकाच दमात करतात आणि लोक दोन्हींना टाळ्या देतात. गुण उपजत असतील तर जिद्दीचे काम काय, आणि जिद्दीने सारेच साधत असेल तर देणगीची मातब्बरी कशाला, असा प्रश्न मंडपात कोणालाच पडत नाही.

वाचकहो, सणासुदीच्या दिवसांत भांडण काढू नये हे मला कळते. चकलीचा तुकडा मोडताना भांडणाची कटकट कोणाला हवी? परंतु हे भांडण घरातलेच आहे, तुमच्या-आमच्या पोरांचे आहे. म्हणून ते घरातली सगळी माणसे एका ठिकाणी बसलेली असतानाच काढावे, असे मला वाटते. माझे म्हणणे थोडक्यात असे: ही दोन्ही भाषणे खोटी आहेत. आणि त्यांच्या खोटेपणापायी आम्ही दरसाल शेकडो मुलांच्या अंगचा एक मोठा गुण पायदळी तुडवीत आहोत. तो गुण म्हणजे चार माणसे धरून ठेवण्याचा, हरत्या डावात उभे राहण्याचा, दुसऱ्याला मोठे करण्याचा. त्याला पुढारपण म्हणा, कप्तानी म्हणा, नाहीतर आमच्या खेड्यातल्यासारखे नुसते "अंगात पाणी असणे" म्हणा.

आमच्याकडे कप्तान कसा निवडतात ते आधी पाहा. कबड्डीचा संघ उभा राहिला की जो सर्वांत चपळ चढाई करतो तो कप्तान. क्रिकेटचा असला तर ज्याच्या सर्वांत जास्त धावा तो कप्तान. वर्गात ज्याचे गुण अधिक तो वर्गप्रमुख. जेथे ही मोजमापे चालत नाहीत तेथे ज्याच्या वडिलांनी गणवेष शिवून दिले त्याचा मुलगा कप्तान, म्हणजे तर प्रश्नच मिटला! या साऱ्यांत एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही: संघावर लोण चढला, निम्मा संघ बाहेर बसला, म्हणजे उरलेली पोरे कोणाच्या तोंडाकडे पाहतात? ज्याच्याकडे पाहतात तो कप्तान. मग त्याची चढाई मध्यम असली तरी चालेल. एवढे साधे गणित आहे. पण ते मांडायला कागद लागत नाही, डोळे लागतात, म्हणून ते कोणी मांडत नाही.

हवेतल्या गोष्टी सांगून वाद जिंकता येत नाही. म्हणून मी एक माणूस तुमच्यापुढे उभा करतो. त्याचे नाव एकनाथ सोलकर. त्यांचा जन्म १९४८ साली मुंबईत झाला. वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानावर माळी. खेळपट्टी राखावी, रोलर फिरवावा, पाणी मारावे, आणि मैदानाच्या कडेला जी जागा मिळाली होती तीत संसार थाटावा. हा मुलगा त्याच मैदानावर धावफलकाचे आकडे बदलण्याचे काम करी. दुसऱ्याच्या धावा झाल्या की याने पाटी उलटायची! त्या मुलाने पुढे १९६९ पासून १९७७ पर्यंत भारतातर्फे २७ कसोटी सामने खेळले.

आता त्यांचे आकडे पाहा. धावा १०६८, सरासरी पंचविसाच्या थोडी वर. शतक सबंध कारकिर्दीत एक, तेही १९७५ च्या जानेवारीत, वानखेडे मैदानावरच्या पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडीजविरुद्ध १०२. बळी १८, आणि प्रत्येक बळीला जवळजवळ साठ धावांची किंमत! कोणत्याही निवड समितीपुढे नाव झाकून हे आकडे ठेवा, ती म्हणेल, "मुलगा बरा आहे, पण दोन्हीकडे अर्धवट. पुढल्या वर्षी पाहू." आणि तरीही बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन या चौकडीचा जो काळ आपण आजही आठवून आठवून सांगतो, तो सोलकरांवाचून सांगताच येत नाही.

का? कारण फलंदाजाच्या बॅटीपासून दोनतीन हातांवर, फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हा गृहस्थ शिरस्त्राणावाचून उभा राही. तेव्हा हेल्मेट नव्हतेच. समोरच्याने बॅट फिरवली तर चेंडू कपाळात बसायचा. तेथे उभे राहून त्यांनी २७ सामन्यांत ५३ झेल घेतले. यष्टिरक्षक सोडले तर वीस किंवा अधिक कसोट्या खेळलेल्या क्षेत्ररक्षकांत सामन्यामागे इतके झेल दुसऱ्या कोणाचे नाहीत. १९७१ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर भारताने इंग्लंडच्या भूमीवर पहिला कसोटी विजय मिळवला. चंद्रशेखरांच्या ३८ धावांतल्या ६ बळींची ती कसोटी म्हणून आपण ती ओळखतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच सामन्यात सोलकरांनी पहिल्या डावात २८ धावांत ३ बळी घेतले, फलंदाजीत ४४ धावा काढल्या आणि दुसऱ्या डावात फ्लेचर आणि नॉट यांचे झेल घेतले. पहिल्या डावात नव्वद धावा काढून गेलेला तो नॉट, जमिनीलगत अंग झोकून देऊन घेतलेल्या त्या झेलाने अवघ्या एका धावेवर परत गेला. इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला आणि भारताने चार गडी राखून सामना जिंकला.

माझा मुद्दा येथे आहे. झेल घेतला की धावफलकावर बळी कोणाच्या खात्यावर पडतो? गोलंदाजाच्या. झेल घेणाऱ्याचे नाव आडून, बारीक अक्षरात. लहानपणी ज्याने धावफलक हलवला त्याच माणसाच्या मोठेपणी केलेल्या कामाला धावफलकावर रकानाच नव्हता! मग त्याचे "कौशल्य मर्यादित" असे म्हणायचे की आमचा धावफलकच मर्यादित होता असे म्हणायचे? मला तर दुसरे म्हणणे अधिक खरे वाटते. जेथे रकाना नाही तेथे गुण नाही, असे आम्ही धरून चालतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून दिल्लीच्या निवड समितीपर्यंत हीच एक खोड आहे.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीमधली गोष्ट घ्या. जमैकात, किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत भारताचे पाच गडी ७५ धावांत बाद झाले. गावसकर दुखापतीमुळे संघाबाहेर होते. मैदानात होते ते मडगावचे दिलीप सरदेसाई, ज्यांची त्या दौऱ्यावर निवड होईल असे फारसे कोणाला वाटले नव्हते, आणि दुसरे आमचे सोलकर. दोघांनी सहाव्या गड्यासाठी १३७ धावा जोडल्या. सरदेसायांच्या २१२ झाल्या, सोलकरांच्या ६१. बेरजेत कोण मोठे हे उघड आहे. पण ६१ चा तो खांब दुसऱ्या टोकाला रोवलेला नसता तर २१२ चा मांडव कशावर उभा राहिला असता?

आणि त्या सामन्याची पुढची हकिगत तर माझ्या वादाचा कणाच आहे. भारताच्या ३८७ झाल्या, वेस्ट इंडीजच्या २१७. आघाडी १७०. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन द्यायला दोनशेंची आघाडी लागते. पण पहिला दिवस पावसाने पूर्ण वाहून गेला होता. म्हणून सामना चार दिवसांचा धरला जाऊन दीडशेच पुरेशा होत्या. भारताचे कप्तान अजित वाडेकर यांना तो नियम ठाऊक होता. ते सोबर्सच्या खोलीत गेले आणि त्यांनी वेस्ट इंडीजला पुन्हा फलंदाजीला उतरायला सांगितले. सामना अनिर्णित राहिला. पण ज्या संघाला आजवर आपण नुसते भ्यालो त्याला पुन्हा मैदानात उतरवता येते, हे त्या एका निरोपाने साऱ्या भारतीय खेळाडूंना कळले. पुढचा पोर्ट ऑफ स्पेनचा सामना भारताने सात गडी राखून जिंकला आणि त्याबरोबर मालिकाही.

वाडेकर उत्तम फलंदाज होते, यात वाद नाही. मुंबईच्या रणजी संघाचा तो आधारस्तंभ. पण कसोटीत ३७ सामने, २११३ धावा, सरासरी एकतीस, शतक एकच. त्यांच्या हाती कप्तानी आली तीही विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने, आणि ज्यांच्या जागी आली ते पतौडी खेळाने, रूपाने, घराण्याने सर्वच बाबतींत लखलखीत! लोकांनी नाके मुरडली. त्याच वाडेकरांनी १९७१ ची वेस्ट इंडीजची, १९७१ ची इंग्लंडची आणि १९७२-७३ ची मायदेशातली, अशा लागोपाठ तीन मालिका जिंकल्या. हे त्यांनी दैवी देणगीने केले नाही. स्टेट बँकेत नोकरी करणारा हा मध्यमवर्गी माणूस हिशेबी होता, शांत होता, आणि आपल्या चार फिरकी गोलंदाजांपैकी कोणाला केव्हा चेंडू द्यायचा हे त्याला समजत होते.

साहेबांच्या देशातलाच एक दाखला घ्या, म्हणजे हे आपल्याच लोकांचे कौतुक चालले आहे असे कोणी म्हणणार नाही. इंग्लंडचे माइक ब्रेअर्ली. कसोट्या ३९, सरासरी तेविसाच्याही आत, शतक एकही नाही. त्यांची सर्वांत मोठी खेळी ९१ धावांची, आणि ती आपल्याच मुंबईत १९७७ साली झाली. निव्वळ फलंदाज म्हणून हा माणूस इतके सामने खेळला नसता. पण त्यांनी ३१ सामन्यांत कप्तानी केली. त्यांपैकी १८ जिंकले आणि केवळ ४ हरले. १९८१ साली त्यांच्या जागी कप्तान होते इयन बॉथम, त्या काळातले इंग्लंडचे सर्वांत गुणी खेळाडू. बारा सामन्यांत त्यांना एकही विजय मिळवता आला नाही, आणि कप्तानीच्या ओझ्याखाली त्यांचा स्वतःचा खेळही दबून गेला. त्यांनी कप्तानी सोडली, ब्रेअर्ली परत आले. लगेच पुढच्या हेडिंग्ली कसोटीत इंग्लंडवर फॉलोऑनची पाळी आली. आणि तेथून बॉथम यांनी नाबाद १४९ धावा काढल्या, विलिस यांनी ४३ धावांत ८ गडी टिपले, आणि इंग्लंड १८ धावांनी जिंकले. ब्रेअर्लींनी स्वतः काय केले? १० आणि १४ धावा! पण बॉथम यांच्या मानेवरचे जू काढले कोणी? विलिस यांचे टोक बदलून दिले कोणी? फलकावर याला रकाना आहे का?

अमेरिकेत एक निराळाच फुटबॉल खेळतात. त्यात चेंडू हाताने फेकतात आणि तो कोणाकडे, केव्हा फेकायचा हे ठरवणाऱ्या गड्याला क्वार्टरबॅक म्हणतात. तो जणू मैदानावरचा सेनापतीच. त्या देशात या जागेसाठी नितळ, सरळ, सुतासारखा जाणारा चेंडू फेकणारा हात शोधतात. जो कॅप नावाच्या गड्याचा हात तसा नव्हता. त्याचा चेंडू हवेत डुगडुगत जाई आणि लोक हसत. व्यावसायिक संघांच्या निवडीत त्याचे नाव अठराव्या फेरीत आले. कित्येक वर्षे तो शेजारच्या कॅनडात जाऊन खेळला. आणि १९६९ साली त्याच डुगडुगत्या हाताने मिनेसोटा वायकिंग्ज या संघाला चौदापैकी बारा सामने जिंकून देऊन अखेरच्या सुपर बोलपर्यंत नेले. तो अंतिम सामना ते हरले, हेही सांगितले पाहिजे. पण त्या मोसमात संघाने त्याला "सर्वांत मौल्यवान खेळाडू" हा सन्मान देऊ केला तेव्हा त्याने तो घेतला नाही; चाळीस जणांच्या संघात कोणी एक सर्वांत मौल्यवान नसतो, असे त्याचे म्हणणे. आमच्याकडे तर तालुक्याच्या सामन्यात "मालिकावीर" ठरवताना दोन गावांत हाणामारीची पाळी येते!

येथवर वाचून काही मंडळी म्हणतील, "मास्तर, म्हणजे कौशल्य नकोच की काय? नुसती छाती पुढे काढून उभे राहिले म्हणजे झाले?" नाही! हजार वेळा नाही! आणि याचसाठी मी आरंभी म्हटले की जिद्दीचे भाषणही खोटे आहे. चेंडूला कशी बॅट लावायची हे न शिकता जिद्द धरणारा माणूस जिद्दीने शून्यावर बाद होतो. १९७४ चा इंग्लंड दौरा आठवा. वाडेकर तेच, बराचसा संघ तोच. तिन्ही सामने हरले. लॉर्ड्सवर सबंध संघ ४२ धावांत गारद झाला. कप्तानीची जादू तेथे चालली नाही. १९७१ ला हार घालणाऱ्या हातांनी त्या वेळी शिव्यांची लाखोली वाहिली, आणि वाडेकरांची कारकीर्द संपली. मात्र त्या ४२ धावांत दोन आकडी धावसंख्या गाठणारा एकच फलंदाज होता, नाबाद १८: एकनाथ सोलकर. जिद्दीने सामना जिंकता आला नाही. पण दुसरे टोक ओस पडत असताना एक माणूस उभा राहिला, आणि तो कोण हे आधीपासून ठाऊक असल्यासारखेच वाटते.

तेव्हा माझे म्हणणे "कौशल्य विरुद्ध जिद्द" असे नाहीच. माझे म्हणणे असे की माणसे सांभाळणे आणि पडत्या काळात टिकणे हेही कौशल्यच आहे. ते देणगीने मिळत नाही आणि टाळ्यांनीही येत नाही. ते शिकवावे लागते, त्याचा सराव करून घ्यावा लागतो. सोलकर त्या जागी पहिल्या दिवशी उभे राहिले आणि झेल घेऊ लागले असे झाले नाही. मैदानावर वाढलेल्या त्या मुलाने चेंडूकडे डोळे मिटल्यावाचून पाहायची सवय अंगी मुरवली होती. धैर्य ही सुद्धा सवय आहे, लेखन-वाचनासारखी.

या प्रांताला तर हे नव्याने सांगायलाच नको. बारामती ही मोरोपंतांची. अक्षरांची कारागिरी कोठवर जाऊ शकते हे त्यांनी येथे बसून दाखवून दिले. एकशेआठ रामायणांचा लौकिक त्यांच्या नावावर आहे. कौशल्याचा मान आम्ही राखावा हे रास्तच. पण दर आषाढीला याच रस्त्याने तुकोबारायांची पालखी जाते. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम आणि बेलवाडीचे ते गोल रिंगण आमच्या पोरासोरांना तोंडपाठ आहे. त्या दिंडीकडे नीट पाहा. सर्वांत गोड गळ्याचा माणूस टाळकऱ्यांत असतो. सर्वांत तयार हात मृदंगावर असतो. आणि मध्यभागी विणेकरी असतो. त्याचा गळा बेताचा असला तरी चालतो. पण वीणा जमिनीवर टेकवायची नाही, हा त्याचा नेम. ऊन असो, पाऊस असो, दिंडी त्याच्याभोवती जमते आणि त्याच्या पावलाने चालते. "विण्याचा मान सर्वांत चांगल्या गवयाला द्या" असे म्हणणारा शहाणा वारीत अजून निपजलेला नाही. वारकऱ्यांना जे शतकानुशतके कळते ते आमच्या क्रीडा समित्यांना का कळू नये?

याला आणखी एक काळी बाजू आहे. सण असला तरी ती झाकून ठेवणार नाही. गुण पाहून कप्तान निवडतो, असे आम्ही तोंडाने म्हणतो; प्रत्यक्षात तेही पुष्कळदा करीत नाही. पळवणकर बाळू हे आपल्या देशातले पहिले थोर गोलंदाज. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात चार रुपये महिन्यावर खेळपट्टी राखता राखता त्यांनी चेंडू टाकायला सुरुवात केली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण ते चर्मकार समाजातले, म्हणून हिंदूंच्या संघाची कप्तानी त्यांना कधीच मिळाली नाही. त्यासाठी भावांना १९२० साली संघाबाहेर राहून निषेध करावा लागला. आणि अखेर १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल यांना कप्तान करण्यात आले. त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. खेळायला चालतो, राबायला चालतो, पण पुढे उभा राहायला चालत नाही, ही आमची जुनी रीत. ती आज निराळे कपडे घालून हिंडते आहे, एवढाच फरक.

म्हणजे कशी, ते सांगतो. आता खेळाला पैसा आला, मान आला. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव असतात. हे चांगलेच झाले. पण त्यामुळे संघातली एक जागा म्हणजे जमिनीचा तुकडा होऊन बसली आहे! मग एका सकाळी चाचणी होते. उंची मोजतात, धाव मोजतात, दोन चढाया पाहतात आणि दुपारच्या आत बारा वर्षांच्या पोराच्या कपाळावर "आहे" किंवा "नाही" असा शिक्का बसतो. बाराव्या वर्षी ज्याची उंची वाढलेली असते तो "गुणी", आणि ज्याची सोळाव्या वर्षी वाढणार असते तो घरी! जी मुलगी स्वतः बेताची पळते, पण जिच्या एका हाकेने खो-खोची आख्खी पाटी जागी होते, तिला त्या चाचणीत किती गुण? शून्य. कारण चाचणीत तिने एकटीने पळायचे असते, आणि तिचा गुण तर नऊजणींत मिळून दिसणारा आहे.

याहून वाईट गोष्ट सांगू? कार्तिकात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांवर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडून, नगरकडून गाड्या भरून माणसे येतात आणि त्यांच्याबरोबर पोरे येतात. आठ-दहा वर्षांची पोर पाठच्या दोन भावंडांना सांभाळते, चूल पेटवते, पाणी भरते, आणि कोपीत आजारी पडलेल्या बापाला दवाखान्यात नेते. पुढारपणाचे याहून कडक शिक्षण कोणत्या शाळेत मिळते? ती पोरे उसाच्या फडाशेजारच्या आमच्या शाळेत चार महिने येऊन बसतात. "पाहुणे" म्हणून बसतात आणि जातात. त्यांना कोणी संघात घेत नाही, कारण स्पर्धेच्या नोंदणीची तारीख उलटून गेलेली असते. ज्यांच्या अंगात कप्तान होण्याचे सारे काही आहे, त्यांची नावे आमच्या कोणत्याच यादीत नसतात.

टीका सगळेच करतात, "मग करायचे काय?" असे विचारले की शाल-नारळवाले पुन्हा पुढे येतात. म्हणून माझ्या मास्तरी बुद्धीला सुचलेल्या चार गोष्टी मांडतो. पहिली: शाळेच्या संघाचा कप्तान क्रीडाशिक्षकाने किंवा देणगीदाराने नेमू नये, संघातल्या पोरांनी चिठ्ठ्या टाकून निवडावा. पोरांना कोणाच्या मागे जायचे हे आपल्याहून नेमके कळते. दुसरी: तालुक्याच्या स्पर्धांखेरीज शाळेतल्या शाळेत होणाऱ्या सामन्यांत कप्तानी पाळीपाळीने सर्वांना द्यावी, अगदी हळू पळणाऱ्यालाही. पोहायला शिकायचे तर पाण्यात उतरावे लागते. तिसरी: चाचणी एका सकाळची नसावी. निदान एक महिना संघ म्हणून खेळवावे आणि मुद्दाम हरत्या डावात पोरांना घालून पाहावे. दहा गुणांनी मागे असताना कोण कोणावर ओरडतो आणि कोण कोणाच्या पाठीवर हात ठेवतो, याची नोंद करावी. चौथी: तोडणी कामगारांच्या मुलांसाठी कारखान्यांच्या मोसमातच, आहेत तेथेच, सामने भरवावेत. त्यांना नोंदणीची तारीख नको, एक चेंडू आणि एक शिट्टी पुरे.

या चारांतल्या एकीलाही अनुदान लागत नाही, याकडे माझ्या वरिष्ठांनी कृपा करून लक्ष द्यावे. लागतो तो फक्त आपला मानभाव खाली ठेवण्याचा खर्च. आणि तो आम्हाला परवडत नाही, हेच तर दुखणे आहे.

आणि घरातल्या आईबापांना एकच विनंती. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आणि पुरुष व महिला असे दोन्ही चषक भारताने जिंकले. दोन्ही संघांचे कप्तान, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या पुणे जिल्ह्यातले. या बातमीनंतर "माझ्या मुलालाही कप्तान करा" असे म्हणत कित्येक पालक शाळेच्या दारात आले असतील. त्यांनी घरी जाऊन आधी एवढेच पाहावे: आपला मुलगा हरून घरी येतो तेव्हा कोणाचे नाव घेतो? "त्याने झेल सोडला" असे म्हणतो की "आपण हरलो" असे म्हणतो? पहिले म्हणत असेल तर त्याला खेळू द्या, खूप धावा काढू द्या, सत्कार घेऊ द्या. कप्तान मात्र शेजारच्या घरातल्या पोराला होऊ द्या. दुसरे म्हणत असेल, आणि त्याच्या धावा कमी असतील, तर त्याला चिडवू नका, दुसऱ्याशी तुलना करून त्याचे पाणी मारू नका. फराळाच्या ताटातला पहिला लाडू त्याला द्या. गावाला उद्या तोच लागणार आहे.